बोरीवलीच्या टाकीची नोंदवही

परब गेल्याचं अनुयाने मला फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्यासमोर कंपनीच्या इतिहासाचं बारावं पान उघडं होतं आणि त्या पानावर परब शाल-श्रीफळ घेऊन उभे होते. फोटोत त्यांची नजर कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुठेतरी आहे. लग्नात आहेराच्या रांगेत चुकून उभ्या राहिलेल्या माणसासारखी. सकाळी चहा घेऊन पेपर चाळत बसले होते, तसेच गेले, असं ती म्हणाली. मग विचारलं, "मावशी, तुम्ही बसलायत ना?" मी बसलेलीच होते. प्रूफं तपासत होते. लाल पेन हातात होतं आणि फोटोखालची ओळ मी नुकतीच वाचून पुढे सरकले होते : 'पहिल्या दिवसापासून निर्दोष चाललेल्या बोरीवली प्रकल्पाचे शिल्पकार.' ओळ माझीच. आज पाच आठवडे झाले... ती ओळ काही डोळ्यांपुढून हलत नाही.

आधी आमची ओळख करून देते. मी नलिनी कर्णिक, राहणार मुलुंड. कंपनीत टायपिस्ट म्हणून लागले आणि 'प्रशासन प्रमुख' म्हणून निवृत्त झाले. मधल्या काळात काम फारसं बदललं नाही, खुर्ची बदलली. अनुया ही आमच्या साहेबांची मुलगी. साहेब गेल्यापासून कंपनी तीच बघते. आज अंधेरीला आमचं काचेचं ऑफिस आहे, दारावर 'जल व घनकचरा व्यवस्थापन' असं ऐटीत लिहिलंय आणि आत शिरल्यावर गार हवा आणि अत्तराचा वास येतो. पण सुरुवात झाली ती घाटकोपरच्या एका गाळ्यात, आणि तेव्हा आमच्याकडे मालमत्ता म्हणावी अशी एकच वस्तू होती : सोसायट्यांच्या सेप्टिक टँकमधला मैला उपसणारा टँकर. तो उभा कुठे करायचा हाच रोजचा प्रश्न, कारण ज्याच्या दारात उभा करू तो पाच मिनिटांत भांडायला बाहेर येई. माझ्या सासूबाई शेजारीपाजारी 'सून पाण्याच्या कंपनीत आहे' असं सांगायच्या. अगदीच खोटं नव्हतं ते, टँकरमध्ये पाणीही असायचंच.

त्या टँकरवर परब होते. मूळचे मालवणकडचे, राहायला जोगेश्वरीला. वडील गिरणीत, आणि स्वतः परबही तिथेच बदली कामगार; गिरणी बंद पडली तेव्हा मिळेल ते काम करत करत आमच्याकडे आले. पहिल्या दिवशी गाळ्याच्या दारातच थांबले, आत येईनात. मी म्हटलं, "अहो, आत या की." तर म्हणाले, "नको बाई. अंगाक वास हा. कागद हयच द्या." मी उठून दाराशी कागद दिले, आणि देताना माझं नाक आक्रसलेलं त्यांनी बघितलं. दुसऱ्या दिवसापासून ते गाळ्यामागच्या नळावर अंघोळ करून, डोक्याला तेल चोपडून, भांग पाडून मगच कागद मागायला यायचे. मला लाज वाटली. पण तसं त्यांना बोलले नाही. जे बोलायला हवं ते वेळेवर न बोलणं हा माझा जुना आजार आहे, आणि या लेखाचं कारणही तोच.

मग साहेबांनी बोरीवलीच्या एका मोठ्या सोसायटीचं काम घेतलं. नॅशनल पार्कच्या अंगाला चार विंगांची सोसायटी उभी राहिली होती. तिचं सांडपाणी तिथेच तळघरात शुद्ध करायचं, आणि ते बागेला नि फ्लशला वापरायचं. आमचा हा पहिला प्लांट. टाक्या बांधल्या, हवा सोडणारे ब्लोअर बसवले, फीत कापली... आणि पाणी काही शुद्ध होईना. अशा टाकीत घाण खाणारे सूक्ष्म जीव लागतात, आणि ते आधी कुठून तरी आणून सोडावे लागतात. सल्लागार म्हणाले, परदेशातून पावडर मागवू, दोन महिने लागतील. परब कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, "साहेब, गावाक शेणाच्या खड्ड्यात काय होता? तांच हय होवचां हा." आणि दुसऱ्या दिवशी जोगेश्वरीच्या एका तबेल्यातून पाट्याच्या पाट्या शेण घेऊन हजर. सोसायटीतली मंडळी बाल्कनीतून बघतायत, सेक्रेटरी डोक्याला हात लावून बसलाय, आणि हे खाली पिंपात शेण कालवून टाकीत ओतताहेत! दहा-बारा दिवसांत पाणी छान तपकिरी झालं. चांगल्या टाकीला ओल्या मातीचा वास येतो म्हणतात, तसा आला. त्या जीवांना परब 'गुरं' म्हणायचे. सकाळी फोन करायचे, "बाई, गुरां चरतत. साहेबांका सांगा."

ही गोष्ट आमच्या कंपनीत प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी ऐकवतात. वार्षिक समारंभात स्टेजवरून सांगतात, टाळ्या पडतात, परबांना वर बोलावतात. रंगवून लिहिली मीच, आधी दहा वर्षांच्या पुस्तिकेत आणि आता रौप्यमहोत्सवी इतिहासात. आणि ती इथेच संपते. पुढचं कोणी सांगत नाही, कारण ते दोनच माणसांना माहीत होतं आणि त्यातल्या एकाला वाटत होतं की ते फक्त त्यालाच माहीत आहे.

पुढे आली दिवाळी. दिवाळीआधी आपल्याकडे काय होतं ते मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. माळे उतरतात, पंखे पुसतात, आणि एका रविवारी घरोघरच्या बायका संडास-बाथरूमवर ॲसिडची बाटली घेऊन तुटून पडतात. चार विंगांतल्या घराघरांनी एकाच रविवारी बाटल्या ओतल्या. फिनेल वेगळं, ब्लीचिंग पावडर वेगळी. सगळं खाली टाकीत. सोमवारी सकाळी परबांची गुरं मेली होती. पाणी काळं पडलं, वर फेस आला, आणि तळघरातून वास सुटला. हे असं होऊ शकतं हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, सल्लागारांच्याही नाही. आम्ही सगळी मराठी माणसं, आमच्याही घरी त्याच रविवारी ॲसिड पडलं होतं, पण दिवाळी ही कारखान्याच्या हिशेबात धरायची गोष्ट आहे असं कोणाला वाटणार?

साहेब त्या दिवसांत दुसऱ्या कामासाठी बाहेरगावी होते. परत आल्याबरोबर त्यांना सोसायटीपुढे आणि सरकारी ऑफिसात प्लांटचा अहवाल ठेवायचा होता. तो पसंत पडला तर पुढची कामं, नाहीतर गाळ्याला कुलूप, इतकं ते सरळ होतं. टाकीजवळ एक नोंदवही असे. दिवसातून तीन वेळा पाणी तपासायचं, काचेच्या जारमध्ये घेऊन अर्ध्या तासात गाळ किती बसतो ते बघायचं आणि आकडा लिहायचा. ती वही परबांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी पानं उलटली. तीन आठवड्यांचे आकडे एकाच पेनाचे, एकाच दमात लिहिलेले, एक ओळ खाली नाही की वर नाही. आकडे इतके सुरेख की खऱ्या टाकीने लाजावं. आणि त्याच आठवड्यात सोसायटीच्या वॉचमनचा फोन मी स्वतः घेतला होता : "मॅडम, नीचे से मरे हुए चूहे जैसा बास मार रहा है." मी वहीकडे बघितलं, परबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, "परब, सगळं ठीक ना?" ते म्हणाले, "होय बाई." आणि मी टाइप करायला घेतलं. आपण टायपिस्ट, आकडे आपले नाहीत, असं मनाशी म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची... माझ्या आईची आवडती म्हण.

अहवाल पसंत पडला. तोवर परबांनी पुन्हा तबेला गाठला होता, पुन्हा शेण, पुन्हा पिंपं, आणि टाकी हळूहळू जिवंत झाली. पुढची कामं मिळाली, कांदिवली, मुलुंड, पवई, मग ओल्या कचऱ्याचं खत करण्याची कामं आली, आणि कंपनी मोठी होत गेली. परब टँकरवरून सुपरवायझर झाले, मग सगळ्या प्लांटचे प्रमुख. पण दरवर्षी दिवाळीच्या महिनाभर आधी हा माणूस ऑफिसातून गायब व्हायचा. एकेका सोसायटीत जाऊन, सेक्रेटरीला बरोबर घेऊन दारोदार बेल वाजवायचा. मी एकदा मुलुंडच्या फेरीला त्यांच्याबरोबर होते. एका बाईंनी दार अर्धवट उघडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या किड्यांसाठी मी माझं बाथरूम घाण ठेवू?" परब शांतपणे म्हणाले, "घाण नका ठेवू वहिनी. नंबर लावून साफ करा. ए विंग सोमवारी, बी विंग बुधवारी. आणि ॲसिड अर्धीच बाटली. बाकीचा जोर हाताचा." त्या हसल्या. "हात तुम्ही येऊन लावा मग!" तर हे बाह्या सरसावून खरोखर आत निघाले! त्या बाईंनीच घाईघाईने दार अडवलं. ऑफिसात या फेरीची टिंगल व्हायची, परबकाकांची दिवाळीची वारी म्हणून. मीही त्यात हसायचे. ते इतकं का पळतात ते मला ठाऊक होतं, तरी हसायचे.

समारंभात मात्र त्यांचं काहीतरी बिनसायचं. गोष्ट सांगून झाली, नाव पुकारलं की ते उठायचे ते शिक्षा झाल्यासारखे. शाल घ्यायचे, नारळ घ्यायचे आणि खाली येऊन जेवण न करता निघून जायचे. अनुया म्हणायची, "किती विनम्र आहेत ना काका!" मी मान डोलवायचे. एकदा वहिनींनी, म्हणजे परबांच्या बायकोने, मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ह्येंका हय काय व्हता ओ? घरी इले की शाल खुंटयेक लावतत नि दोन दिवस कोणाशी बोलणत नाय." मी म्हटलं, गर्दी सोसत नसेल.

यंदा इतिहासाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी सगळ्या जुन्या माणसांना कच्ची पानं पाठवली. परब मात्र स्वतः आले. जोगेश्वरीहून मुलुंडपर्यंत, त्या वयात, हातात कुळथाच्या पिठाची पुडी. चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली, आणि मग त्यांनी पिशवीतून बारावं पान काढून टेबलावर ठेवलं.

"बाई, ही ओळ काढा."

"कुठली हो?"

"पहिल्या दिवसापासून निर्दोष. असां नाय झालां."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. ॲसिड, काळं पाणी, तीन आठवडे घरी बसून लिहिलेले आकडे. पाणी तसंच मागच्या नाल्यात सोडलं तेही. नाल्यापलीकडे वस्ती होती. "थय माणसां रवत होती बाई. पोरां नाल्यात उतरायची. कोण आजारी पडला काय, म्हायत नाय... आमी इचारलांच नाय." मग स्वतःलाच दुरुस्त केलं. "आमी म्हणजे मी. साहेबांका म्हायत नव्हतां. तुमकाय नव्हतां. तुमच्याकडसून मी खोटां टाइप करून घेतलंय. तां सगळ्यात वायट. माका माफ करा."

त्यांनी हात जोडले होते. समोर माझा लाडका फुलांचा टेबलक्लॉथ, त्यावर अर्धा प्यालेला चहा, आणि पलीकडे हात जोडलेला हा माणूस, इतकी वर्षं जो दिवाळी आली की दारोदार हिंडला. मला फक्त चार शब्द बोलायचे होते : परब, मला माहीत होतं. बोलले ते असं, "अहो, जाऊ द्या हो आता. किती वर्षं झाली." म्हणजे मी त्यांना माफसुद्धा केलं! माझ्या वाट्याची चूकही त्यांच्या पदरात घातली आणि वर मोठेपणा घेतला. आजारातून बरं होऊन उठावं तसे ते उठले. "तुमी लिवा बाई. माझां नाव घालून लिवा. साहेबांचां नको." दाराशी चप्पल घालताना म्हणाले, "आता माका बरां वाटतां."

मी अनुयाशी बोलते म्हटलं होतं. नाही बोलले. पुढच्या आठवड्यात बघू, असं म्हणत राहिले. मधे एकदा त्यांचा फोन आला, "बाई, झालां काय?" मी म्हटलं, या आठवड्यात नक्की. तो आठवडा संपायच्या आत अनुयाचा फोन आला.

जोगेश्वरीला त्यांच्या घरी गेले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुमच्याकडसून इले त्या दिसापासून झोप लागाक लागली होती त्येंका." मी तशीच उठून आले आणि दुसऱ्या दिवशी अंधेरीला जाऊन अनुयासमोर बसले. सगळं सांगितलं, त्यांचं आणि माझंही. ती म्हणाली, "मावशी, हे छापलं तर उद्या प्रत्येक सोसायटी आपली वही उघडून बसेल." मी म्हटलं, "बसू दे की. उघडण्यासारखी नसेल तर मग आपण करतो काय?" हे माझ्या तोंडून येणं म्हणजे उलट्या बोंबा, पण आलं खरं. अनुया बापाची मुलगी आहे, दोन दिवस विचार करून तिने होकार दिला. नवं पान आलं. त्यात होतं, 'परब यांनी ही चूक पुढे मोठ्या मनाने कबूल केली.' माझा परिच्छेद गाळला होता. मी फोन केला तर म्हणाली, "तुमचं कशाला मावशी? ओघ तुटतो. आणि काकांनीच सांगितलंय ना, तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून."

म्हणजे आता ते छापील होणार होतं. मेलेला माणूस एकटा दोषी, आणि साक्षीला त्याचाच शब्द. मी भांडले, अनुयाने 'बघते' म्हटलं. तिचं 'बघते' कुणाकडून शिकलेलं आहे ते मला चांगलं ठाऊक आहे, लहानपणी ती माझ्याच टेबलाखाली खेळायची.

गेल्या मंगळवारी मी बोरीवलीला गेले. इतक्या वर्षांत त्या प्लांटचे शेकड्यांनी कागद टाइप केले, पण त्या तळघरात मी एकदाही उतरले नव्हते. आता तिथे सुरेखा म्हणून एक बाई ऑपरेटर आहेत, पन्नाशीच्या आतबाहेर, अकरा वर्षं तिथेच. "मॅडम, जपून, खाली ओलं आहे," असं म्हणत त्यांनी मला हात धरून उतरवलं. ब्लोअरचा आवाज, तपकिरी पाणी, आणि वास खरोखर ओल्या मातीचा. भिंतीला एक उंच स्टूल, त्यावर नोंदवही. मी ती उघडली. आकड्यांच्या मधे मधे वाक्यं होती. 'अकराचं पाणी तपासायला घेतलं नाही. मुलीच्या शाळेत बोलावलं होतं. वेळ बारा चाळीस. सही.' त्याखाली रात्रपाळीवाल्याची : 'घेतलं नाही. ब्लोअर बंद पडला त्यात गुंतलो.' आणि एके ठिकाणी नुसतं, 'घेतलं नाही. विसरलो.' त्यालाही वेळ, त्यालाही सही.

"हे काय?" मी विचारलं.

"परबकाकांचा नियम," सुरेखा म्हणाल्या. "सगळ्या प्लांटवर हेच. रिकामं सोडायचं नाही, आणि मनानं भरायचं तर नाहीच नाही. नाही घेतलं तर तसं लिहायचं. विसरलो लिहिलं म्हणून काका कुणावर चिडले नाहीत कधी. मी नवीन असताना एकदा मनानं भरलं होतं ना..."

"मग? ओरडले?"

"नाही ना! ओरडले असते तर परवडलं असतं. जार भरला, स्टूल ओढलं, आणि मला समोर बसवून अर्धा तास तो गाळ खाली बसताना बघायला लावला. मग म्हणाले, एवढाच येळ लागता गो. खोटां लिवण्यापेक्षा काय जास्त नाय."

ऑफिसात या वह्या येत नाहीत, वर फक्त बेरजा येतात. त्यामुळे हे मला माहीतच नव्हतं. कंपनीचा इतिहास लिहायला मी महिनोन् महिने अंधेरीच्या कपाटांतल्या फायली उपसत होते... आणि तो इथे तळघरात रोज तीन वेळा लिहिला जात होता. मला रडू आलं, आणि ब्लोअरच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार नव्हतं म्हणून मी रडून घेतलं. सुरेखांनी पाण्याची बाटली पुढे केली.

मग मी पर्समधून पेन काढलं. आजच्या पानावर उजवीकडे भेटीला आलेल्यांच्या शेऱ्यासाठी एक रकाना असतो. त्यात लिहिलं : 'या प्लांटच्या पहिल्या दिवाळीतले आकडे खोटे होते. ते टाइप करताना मला माहीत होतं. परबांना मी हे सांगितलं नाही.' खाली पूर्ण नाव घालून सही केली आणि वही सुरेखांकडे दिली. त्यांनी ती ओळन् ओळ बोट ठेवून वाचली. मला वाटलं, आता विचारतील. पण त्यांनी वही फिरवून परत माझ्यासमोर धरली.

"वेळ राहिली मॅडम," त्या म्हणाल्या. "वेळ नसेल तर काका नोंद धरायचे नाहीत."

मी घड्याळ बघितलं आणि लिहिलं, अकरा वाजून दहा मिनिटं.